यान आतून खरं वाटतं का? सायफाय सिनेमांच्या सेटवर चाहते एवढे का भांडतात?

अंतराळातला सिनेमा बघताना बहुतेक जण स्फोट, ग्रह आणि परग्रहवासी लक्षात ठेवतात. पण सायफायच्या पक्क्या चाहत्यांची नजर भलतीकडेच असते. भिंतीवरची बटणं कशाची? कॉरिडॉर एवढा रुंद का? एवढी माणसं झोपतात कुठे? आणि या अख्ख्या यानात संडास कुठे आहे?

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. यान खोटं वाटलं की त्यात अडकलेल्या माणसाची भीतीही खोटी वाटते. त्यामुळे यानाच्या आतल्या सेटवर गेली पन्नासेक वर्षं वाद रंगत आले आहेत.

लखलखीत की वापरलेलं?

चाहत्यांमध्ये ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिल्या गटाचा देव म्हणजे स्टॅनली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८). पांढऱ्याशुभ्र भिंती, स्वच्छ प्रकाश, एकही वस्तू जागा सोडून नाही. यातला अंतराळवीर गोल खोलीत धावतो आणि धावता धावता जणू भिंतीवरून छतावर जातो. त्या काळी संगणकावरचे इफेक्ट्स नव्हते. म्हणून विमानं बनवणाऱ्या 'व्हिकर्स-आर्मस्ट्राँग' कंपनीकडून सुमारे ३८ फूट व्यासाचं, जवळपास ३० टनांचं फिरतं चाक बनवून घेतलं गेलं. खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर. नट चाकाच्या तळाशीच राहायचा, फिरायची ती खोली!

दुसऱ्या गटाला हा चकचकाट पटत नाही. माणसं महिनोन्‌महिने राहतात तिथे डाग पडणार, वायरी लोंबणार, कुणीतरी कप विसरणार. त्यांचा आदर्श 'एलियन' (१९७९). यातलं 'नॉस्ट्रोमो' हे मालवाहू जहाज आहे आणि ते तसंच दिसतं: कोंदट, तेलकट, ठेंगण्या छताचं. रॉजर ख्रिश्चन यांनी भंगारातले विमानांचे भाग आणून भिंती भरल्या. त्याआधी 'स्टार वॉर्स'साठी (१९७७) त्यांनी हीच युक्ती वापरली होती आणि त्या सिनेमाच्या कला दिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं. रॉन कॉब यांनी तर नॉस्ट्रोमोच्या दारांसाठी वेगळी चिन्हं काढली: इथे हवा आहे, इथे गुरुत्वाकर्षण नाही, इथे धोका आहे. ती प्रेक्षकाला कुणी समजावून सांगत नाही, तरी यान कुणीतरी विचार करून बांधलंय हे जाणवतं.

तिसरी वाट आंद्रेई तारकोव्हस्कीची. 'सोलारिस'मध्ये (१९७२) अंतराळ स्थानकात चक्क एक ग्रंथालय आहे, भिंतीवर ब्रॉयगेलची चित्रं आहेत. शास्त्राच्या हिशेबाने ही चैनच. पण घरापासून एवढ्या लांब गेलेला माणूस सोबत काय नेईल, याचं उत्तर ती खोली देते.

बाहेरून लहान, आतून मोठं

चाहत्यांचा सगळ्यात आवडता आक्षेप म्हणजे माप. 'स्टार वॉर्स'मधल्या 'मिलेनियम फाल्कन'चं आतलं बांधकाम त्याच्या बाहेरच्या कवचात मावत नाही, यावर वर्षानुवर्षं नकाशे काढून चर्चा होत आली आहे.

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी तर कहर केला. विमान कंपनीत आरेखनाचं काम केलेल्या फ्रान्झ जोसेफ यांनी 'एंटरप्राइज' यानाचे मजल्यावार नकाशे काढले आणि ते १९७५ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातल्या टिकोंडेरोगा गावात एका चाहत्याने मूळ मालिकेचे सेट जसेच्या तसे उभे केले. आज लोक तिकीट काढून ते बघतात.

याच चाहत्यांना २००९ च्या 'स्टार ट्रेक'ने मात्र दुखावलं. त्यातली एंटरप्राइजची इंजिन रूम प्रत्यक्षात लॉस एंजेलिसजवळच्या बडवायझर बिअर कारखान्यात चित्रित झाली होती. मोठमोठ्या टाक्या आणि पाइप बघून काहींना खरीखुरी यंत्रशाळा वाटली. बाकीच्यांना टाकीतली बिअर दिसायची ती दिसलीच! उलट 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये (२०२३) जुन्या एंटरप्राइज-डीची ब्रिज पुन्हा उभारली, तेव्हा लोक हळवे झाले. तिथल्या गालिच्याची आठवण तर संवादातच आली. यानात गालिचा कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. कारण ती जागा त्यांच्यासाठी लहानपणचं घर होती.

खऱ्या यानात किती जागा असते?

इथे करंजाडेचा हिशेब कामाला येतो. सिडकोने वसवलेल्या पनवेलजवळच्या या नोडमध्ये ४०० चौरस फूट कार्पेटचा वन-बीएचके धरा. साडेनऊ फूट उंचीच्या छतासह त्यात ३,८०० घनफूट जागा होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसांना वावरायला साधारण ३८८ घनमीटर, म्हणजे १३,७०० घनफूट जागा आहे. म्हणजे असे साडेतीन फ्लॅट, आणि त्यात एरवी सात माणसं. नासाच्या 'ओरायन' यानात तर चौघांना मिळून जेमतेम ९ घनमीटर. तेवढी जागा करंजाडेतल्या चार बाय आठच्या बाथरूममध्येही असते!

फरक एवढाच की अंतराळात छतही वापरता येतं. वजनरहित अवस्थेत चारही भिंती सारख्याच. त्यामुळे स्थानकात जिथे बघावं तिथे सामान, लॅपटॉप, वायरी, पाय अडकवायच्या दांड्या आणि वस्तू उडून जाऊ नयेत म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्या. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला तिथे पोहोचले, तेव्हाच्या व्हिडिओंमधून भारतीय प्रेक्षकांनी हा पसारा नीट पाहिला. सिनेमातल्या ऐसपैस कॉरिडॉरपेक्षा तो भरगच्च सामान लावलेल्या माळ्याच्या जास्त जवळचा आहे.

म्हणजे 'वापरलेलं यान' म्हणणारा गट जिंकला का? पूर्ण नाही. खऱ्या स्थानकात पसारा असला तरी अंधार नसतो; काम करायला लख्ख उजेड लागतो. 'एलियन'चा काळोख भीतीसाठी आहे, शास्त्रासाठी नाही.

आपल्याकडे काय?

भारतीय प्रेक्षकांना यानं नवीन नाहीत. १९६७ मध्ये दारासिंग यांचा 'चाँद पर चढाई' आला, तर १९९८ मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम'. पण सेटच्या चर्चेत आज नाव घ्यावं लागतं ते आरती कडव यांच्या 'कार्गो'चं. २०१९ च्या मामी महोत्सवात दाखवलेला हा सिनेमा सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

त्यातलं यान आहे 'पुष्पक ६३४ए'. मेलेली माणसं इथे येतात, त्यांच्या आठवणी पुसल्या जातात आणि पुढच्या जन्मासाठी रवानगी होते. काम करणारे राक्षस: विक्रांत मॅसीचा प्रहस्थ आणि श्वेता त्रिपाठीची युविष्का. त्यांचा जमिनीवरचा वरिष्ठ पडद्यावरून बोलतो. ती भूमिका 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मधले नंदू माधव यांनी केली आहे. हॉलिवूडच्या मानाने पैसा अगदी थोडा. म्हणून चकाचक भविष्यकाळ दाखवण्याऐवजी जुन्या वळणाची यंत्रं आणि सरकारी कचेरीचा कंटाळा दाखवला. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या प्रहस्थाला ती जागा शोभते. काही प्रेक्षकांना सेट साधा वाटू शकतो. पण इथे साधेपणा आणि गोष्ट एकमेकांशी भांडत नाहीत.

मोठे सेट उभारणारे हात महाराष्ट्रात कमी नाहीत. करंजाडे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात कर्जतला कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये एन.डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चे महाल तिथलेच. पण महाल आणि यान यांचं गणित वेगळं. महाल लांबून भव्य दिसला तरी निम्मं काम होतं. यानात कॅमेरा भिंतीपासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे प्रत्येक स्क्रू दिसतो.

चांगला सेट कसा ओळखायचा?

पुढच्या वेळी सायफाय बघताना चार गोष्टी तपासा:

- नट बटण दाबतो, तेव्हा काय होणार हे त्याला माहीत आहे असं वाटतं का?
- माणसं कुठे झोपतात, काय खातात, याचा अंदाज येतो का?
- खिडकीबाहेरचा प्रकाश चेहऱ्यावर पडतो का? 'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) यासाठी सेटबाहेर मोठे पडदे लावून त्यांवर अंतराळाची दृश्यं प्रक्षेपित केली होती.
- एका खोलीतून दुसरीत कसं जायचं हे तुम्हाला सांगता येतं का?

चारही उत्तरं 'हो' आली, तर बजेट किती होतं हा प्रश्न मागे पडतो. चाहते भांडतात ते नेमकं यासाठीच. यानाचं शास्त्र थोडं चुकलं तर ते माफ करतात. तिथे कुणी राहतच नाही असं वाटलं, तर करत नाहीत.