गावाची कूड

१९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या गोव्यात रोजगार तोकडा. म्हणून एकोणिसाव्या शतकापासूनच तेथील ख्रिस्ती तरुण मुंबईची वाट धरीत. कुणी खलाशी, कुणी आचारी, कुणी वादक. पण बोट लागेपर्यंत राहायचे कुठे? मिळकत खंडित आणि खोलीचे भाडे मात्र दरमहाचे.

यावर गावांनीच तोड काढली. धोबीतलाव, माझगाव परिसरात एकेका गावाने जागा घेऊन आपली ‘कूड’ थाटली. अल्पशा वर्गणीत सभासदाला लाभे पेटी ठेवण्यापुरता कोपरा आणि रात्री चटई अंथरण्यापुरती जमीन. वेदीवर गावच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा. सायंकाळी सामुदायिक रोझरी. धोबीतलावच्या जेर महालात तर अनेक गावे एकाच छपराखाली नांदली. (त्या जिन्यांवर गोव्याचा भूगोल शिकता यावा!)

त्या दाटीबद्दल आपण हळहळतो. मला ती दुय्यम वाटते. चटई स्वस्त होती म्हणूनच पैसा गावी पोहोचला. मात्र कुडीत कुटुंबाला सहसा थारा नसे. मुंबईत वाचलेल्या भाड्याची किंमत गावी राहिलेल्या पत्नीने चुकती केली. शेत, सासू-सासरे, मुलांची शाळा, सारे तिच्याच माथी.