जुन्या गाडीचा सेन्सर म्हणजे तिचा मालक. पण मालकाची साठी उलटल्यावर काय?

खोपोलीहून जुन्या हायवेने बोरघाट चढायला लागलं की वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ब्रिटिशांना घाटातून वाट सापडत नव्हती आणि ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, असं सांगतात. आजही ड्रायव्हर इथे गाडी हळू करून नाणं टाकतात. पण फियाट आणि ॲम्बेसेडरच्या काळात घाटात थांबायला भक्तीइतकंच रेडिएटर हेही कारण असायचं. अर्ध्या चढात इंजिन उकळायचं, बोनेट उघडलं जायचं आणि घरचे सगळे रस्त्याच्या कडेला डबे उघडून बसायचे.

घाट संपला की खंडाळा, लोणावळा आणि पुढे कामशेत, वडगाव, तळेगाव असा मावळचा पट्टा सुरू होतो. मुंबईकरांचे जुने बंगले आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली माणसं, दोन्ही इथे सापडतात. त्यातल्या काही पोर्चमध्ये कव्हराखाली एखादी पद्मिनी, जीप नाहीतर पहिल्या पिढीतली मारुती ८०० उभी असते.

थोडा हिशेब करू. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली. तीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि या शतकाच्या तोंडाशी तिचं उत्पादन थांबलं. मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली. म्हणजे १९८५ साली तिशीत असताना ज्याने हौसेने गाडी घेतली, तो आज सत्तरीत आहे. गाडीचे पार्ट मिळत नाहीत ही तक्रार सगळेच करतात. मालकाच्या पार्टचं काय, हे मात्र कुणी फारसं बोलत नाही.

दिवा लागत नाही, कान लागतो

आजच्या गाडीत काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. ऑक्सिजन, तापमान, टायरची हवा, ब्रेक, सगळ्यांना सेन्सर असतात. पद्मिनीत तेलाचा आणि चार्जिंगचा दिवा, तापमानाचा नि पेट्रोलचा काटा एवढंच. बाकी सगळं माणसाने ओळखायचं. टॅपेट वाजतायत का, पेट्रोलचा वास येतोय का, पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय का. चाळीस वर्षं गाडी सांभाळलेला माणूस हे सगळं विचार न करता टिपत असतो.

गोची अशी, की वयाबरोबर नेमकं हेच टिपणं कमी होतं.

आधी कान घ्या. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. वरच्या पट्टीतले, तीक्ष्ण आवाज आधी जातात. इंजिनाची धडधड, सायलेन्सरचा घुमार हे खालच्या पट्टीतलं सगळं नीट ऐकू येत राहतं. पण सैल फॅन बेल्टची किरकिर, वॉटर पंपाच्या बेअरिंगची बारीक शिट्टी, फाटलेल्या व्हॅक्यूमच्या नळीतली हवेची सुरसुर आणि झिजलेल्या ब्रेकची चीं चीं हे आवाज वरच्या पट्टीत असतात. गाडीच्या बिघाडाची पहिली कुणकुण बहुतेक वेळा असल्याच आवाजांतून लागते. त्यामुळे सत्तरीतला मालक जेव्हा अभिमानाने म्हणतो, "गाडी कशी लोण्यासारखी चालते बघा", तेव्हा शेजारी बसलेल्या नातीला किरकिर ऐकू येत असण्याची शक्यता बरीच असते.

उपाय सोपे आहेत. जुने फिटर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आवाज हाडातून थेट आतल्या कानात पोचतो, त्यामुळे कुठलं बेअरिंग बोलतंय ते कळतं. मात्र पंखा आणि बेल्टपासून हात, बाही नि मफलर लांब हवेत. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप स्वस्तात मिळतो. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारी ॲप्स फुकट आहेत, त्यात कानाला न येणारी पट्टी डोळ्यांना दिसते. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे महिन्यातून एकदा घरातल्या तरुण माणसाला शेजारी बसवून एक चक्कर मारायची आणि त्याला काय ऐकू आलं ते विचारायचं.

नाकाची गोष्ट जास्त गंभीर आहे. साठीनंतर वास येणं हळूहळू कमी होतं, आणि ते स्वतःला लवकर कळतही नाही. ऐकू न आल्याचं निदान घरचे तरी सांगतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत नाक हीच आगीची घंटा असते. पेट्रोल गळतंय, वायरचं आवरण तापलंय, क्लच जळतोय, कूलंटचा गोडसर वास येतोय, हे सगळं आधी नाकाला कळतं.

त्यात आता पेट्रोल बदललंय. देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल विकलं जातं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरं या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, कडक होतात, चिरतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, म्हणून पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल त्रास देतं. तेव्हा इथेनॉल सहन करणाऱ्या नव्या नळ्या टाकून घेणं हा हौसेचा नाही, सुरक्षेचा खर्च आहे. ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा छोटा अग्निशामकही हवा. तो डिकीत स्टेपनीखाली ठेवला तर नसल्यासारखाच.

आणि एक वायू असा आहे की तो तरुण नाकालाही कळत नाही. धो धो पाऊस पडतोय म्हणून गॅरेजचं दार लावून गाडी 'जरा गरम करून ठेवायची' सवय अनेकांना असते. कार्बोरेटरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हृदयविकार असलेल्या माणसाला तो कमी प्रमाणातही धोक्याचा ठरतो. दार उघडायचं, गाडी बाहेर काढायची, मगच चालू ठेवायची.

पायाला पेडल कळतं का?

मोठा धोका मात्र पायात असतो, आणि तो घाटात उघडा पडतो.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होऊ लागतात. चालताना ते जाणवत नाही, पण पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरच्या कडेवर, किती दाब दिला, हे पायाला पूर्वीसारखं कळत नाही. नव्या गाडीत ब्रेकला बूस्टर आणि एबीएस असतं, अंदाज थोडा चुकला तर गाडी सावरून घेते. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सगळी मदार तळपायावर.

ड्रम ब्रेकचा स्वभाव असा, की ते सतत दाबले की तापतात आणि तापले की पकड सोडतात. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना नेमकं तेच होतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटरवर आहे आणि त्यातली बरीचशी उंची घाटातल्या थोड्याच किलोमीटरमध्ये उतरायची असते. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात आणि गुडघाही.

ब्रेकच्या तेलाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मिसळलं की ते कमी तापमानाला उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ लागतं. लोणावळ्यात वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहराच्या सहापटीइतका. अशा हवेत राहणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल फार तर दोन वर्षांनी बदलायलाच हवं, मग गाडी वर्षात पाचशे किलोमीटरच का चालली असेना. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांचं तेल एकाच सर्किटमधून जातं. एक नळी फुटली की सगळाच ब्रेक गेला, हातात उरतो तो हँडब्रेक.

पायाची तपासणी डॉक्टरकडे दोन मिनिटांत होते. दहा ग्रॅमचा दाब देणारा एक नायलॉनचा धागा तळव्याला वेगवेगळ्या जागी टेकवतात आणि डोळे मिटून 'कळलं का' विचारतात. गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करणाऱ्या किती जणांनी ही तपासणी करून घेतली असेल, हा प्रश्नच आहे.

क्लचचा प्रश्न डाव्या गुडघ्याचा. शनिवार-रविवारी, त्यातही पावसाळ्यात, भुशी डॅमच्या रस्त्याला जी रांग लागते तिच्यात तासाभरात शेकडो वेळा क्लच दाबावा लागतो. झिजलेल्या गुडघ्याला ही शिक्षा आहे. जुनी गाडी मधल्या वारी, सकाळी सातच्या आत काढायची, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपचार. स्टिअरिंग जड लागत असेल तर आधी टायरची हवा आणि ग्रीसिंग बघावं. खूपदा खांद्याचं दुखणं वाटतं ते कोरड्या पडलेल्या ग्रीस निपलांचं असतं. बाहेरच्या देशांत जुन्या गाड्यांना छोटं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बसवून घेतात, आपल्याकडेही काही गॅरेजवाले बसवतात. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, त्यामुळे आधी आरटीओत विचारणं बरं.

डोळ्यांबद्दल एकच आकडा पुरे. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो असं मानलं जातं. त्यात मोतीबिंदू, जुने मिणमिणते हेडलाइट आणि खंडाळ्याचं धुकं. रात्री जुनी गाडी काढू नये.

गाडीखाली कोण जाणार?

इथे हौशी लोकांचा अहंकार आडवा येतो. 'माझ्या गाडीला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही' हे वाक्य पन्नाशीत शोभतं. सत्तरीत त्याच वाक्याने माणसं जॅकखाली अडकतात. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. भिजलेल्या मातीत तो कलंडतो. गाडीखाली जायचंच असेल तर सपाट काँक्रीट, चाकांना ओट आणि जाड लोखंडी स्टँड हवेत, आणि घरात दुसरं कुणीतरी हवं.

जुन्या बंगल्यांत गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डा असतो. पाठीला तो आराम देतो, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचते. एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात त्यात पाणी भरतं ते वेगळंच.

आडवं पडून काम केल्यावर झटकन उठणं हाही धोकाच. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हातमोजे हवेतच, कारण पत्र्याची साधी चीरही लवकर थांबत नाही. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

मग मालकाने करायचं काय? बसून करण्यासारखं खूप आहे. प्लग साफ करणं, पॉइंटचा गॅप लावणं, कार्बोरेटर खोलून टेबलावर धुणं, वायरिंग तपासणं. कपाळावर लावायची बॅटरी आणि स्क्रू ठेवायला चुंबकाची थाळी असली की थरथरणारा हात आणि चाळिशीचा चष्मा दोन्ही चालून जातात. बॅटरी उचलणं, चाक काढणं, गिअरबॉक्स उतरवणं ही कामं दुसऱ्याला द्यायची. वाकून दहा-बारा किलोंची बॅटरी बोनेटमधून उचलणं कमरेला महागात पडतं.

पण दुसऱ्याला म्हणजे कुणाला? पॉइंट आणि कार्बोरेटर कानाने लावणारे फिटर मालकांच्याच वयाचे झालेत. आजचा मुलगा स्कॅनर लावून गाडी वाचतो, आणि पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. अशा मुलाला शेजारी उभं करून शिकवणं हे मालकाच्या हातचं काम आहे. त्याचे गुडघे, मालकाचं ज्ञान. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. रोज पद्मिनी खोलणाऱ्या हातांचं काम तेव्हाच आटलं.

कागद दोघांचेही

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. पन्नास वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. तिचा नंबर 'व्हीए' मालिकेत मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र ती गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

मालकाचं लायसन्स पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही घ्यायची पद्धत आहे, पण ज्याची गाडी पायाच्या अंदाजावर चालते त्याने तरी ती पाळू नये. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करतात, आणि चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारशी फेरफार न झालेल्या गाडीला मात्र वार्षिक तपासणीतून सूट आहे. तिथे गाडीपेक्षा माणसाचीच तपासणी कडक.

शेवटचा कागद बरेच जण टाळतात. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. ते नसेल तर मालकाच्या पश्चात वारसाला तीस दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. तोवर कव्हराखालची बॅटरी उतरलेली असते, टायर बसलेले असतात आणि भंगारवाला गेटवर येऊन गेलेला असतो. नॉमिनीच्या नावासोबत एक वही ठेवावी. कुठला पार्ट कुठून आणला, चोक किती ओढायचा, कुठला नट उलट्या आट्यांचा आहे, हे सगळं त्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं.