धर्मगुरूविना सव्वादोनशे वर्षे : जपानचे गुप्त ख्रिस्ती आणि हरवलेली मिस्सा

१/ १७ मार्च १८६५. नागासाकीतील ओउरा येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी नुकत्याच बांधलेल्या चर्चच्या दाराशी उराकामी गावचे काही शेतकरी येऊन उभे राहिले. फादर बर्नार प्तीजाँ यांनी त्यांना आत नेले. तेव्हा एका स्त्रीने हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि विचारले, की मरियेची मूर्ती कोठे आहे?

२/ ही माणसे आली कोठून? गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्म रुजू लागला. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने त्यावर देशभर बंदी घातली. १६४४च्या सुमारास देशातील शेवटच्या धर्मगुरूचाही अंत झाला.

३/ धर्मगुरू नाही, म्हणजे नेमके काय नाही? मिस्सा नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात. बाह्य रूप तेच राहते, सत्त्व पालटते. १२१५च्या लॅटरन परिषदेने हे शब्दबद्ध केले, तर १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने त्याचा ठाम पुनरुच्चार केला. हा विधी केवळ दीक्षित धर्मगुरूच करू शकतो.

४/ म्हणूनच मिस्सा हा कॅथलिक जीवनाचा कणा आहे. रविवारची ओळख तिच्यामुळे. आजाऱ्याच्या उशाशी आणि मरणाऱ्याच्या ओठांशी पोहोचते तीही तीच पवित्र भाकर.

५/ बाप्तिस्म्याचे तसे नाही. निकडीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतो. पाणी आणि योग्य शब्द पुरेसे असतात. त्यामुळे गुप्त ख्रिस्ती वस्त्यांत बाप्तिस्मा देणारा ‘मिझुकाता’ आणि सणवारांची गणना सांभाळणारा ‘चोकाता’ पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पापनिवेदन ऐकायला कोणी नव्हते, म्हणून ‘कोंचिरिसान’ ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली जाई.

६/ मिस्सेला मात्र असा पर्याय नव्हता. इकित्सुकी बेटावर भात, साके आणि मासळी यांचे विधिवत भोजन रूढ झाले. त्यात मिस्सेची पुसट स्मृती असावी, असे काही अभ्यासक मानतात.

७/ शासनाने मर्मावरच घाव घातला होता. धर्मगुरूंची साखळी तुटली, की वेदी आपोआप रिकामी होते. परंतु त्या रिकाम्या जागेचीच प्रतीक्षा झाली : सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू समुद्रमार्गे येतील, अशी कथा घरोघरी सांगितली जाई.

८/ ते आले, तरी संकट सरले नाही. १८६७ मध्ये उराकामीत धरपकड झाली. पुढे तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले; त्यांपैकी सहाशेहून अधिक परतलेच नाहीत. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. काही समूह मात्र कॅथलिक चर्चमध्ये परतले नाहीत. पूर्वजांनी जपलेले रूपच त्यांना आपला धर्म वाटले.

९/ ओउराचे ते चर्च १५९७ साली नागासाकीत क्रुसावर दिलेल्या २६ हुतात्म्यांना अर्पण केलेले आहे. त्यांतील एक, गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईचे.

१०/ एखाद्या विधीचा अर्थ धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सापडतो, हे खरे. पण त्याचे मोल जाणायचे असेल, तर ज्यांना तो लाभलाच नाही, त्यांचाही इतिहास वाचावा. उराकामीच्या त्या शेतकऱ्यांपैकी एकानेही मिस्सा पाहिली नव्हती. त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही नाही. तरीही ते तिची वाट पाहत राहिले.