ढाळजेतलं मत

अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात शिरलं की उजव्या हाताला बसाउठायची ढाळज होती. आजोबा शाळामास्तर, घरात वकील, चाळीस एकर जमीन. गावातल्या शिकल्या-सवरल्या घरांत आमची गणती व्हायची. निवडणुकीच्या आदल्या रात्री सगळे ढाळजेत जमत. आजोबांचा दंडक एकच होता, मत कुणालाही द्या, पण का देता ते इथं बसून सांगा.

1952 ची गोष्ट आजी सांगायची. पोलीस ॲक्शनला जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती, गावाला अजून मोमिनाबाद म्हणत. स्वामी रामानंद तीर्थांचे सहकारी बाबासाहेब परांजपे लोकसभेला उभे होते, तेही डाव्यांच्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. 1950 चा कुळकायदा आलेला आणि आमची जमीन कुळाकडे. चुलतआजोबा म्हणाले, “दादा, आपल्याच हातानं जमीन सोडायची का?” आजोबा म्हणाले, “जमीन गेली तर शिकवण्या करू. निजामाच्या राज्यात ज्यानं आपली पोरं उभी केली, त्याला घरी बसवू नाही शकत मी.” तेव्हा उमेदवारागणिक वेगळी पेटी असे. आजोबांनी परांजप्यांच्या पेटीत मत टाकलं. ते निवडून आले. जमीन पुढं कुळाची झाली. त्याबद्दल आजोबा कधी हळहळल्याचं आजीला आठवत नव्हतं.

याच आजोबांनी 1957 ला काँग्रेसला मत दिलं. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, पण मराठवाडा आदल्याच वर्षी मराठी मुलखाला जोडला गेला होता आणि इथं बहुतेकांचा कल काँग्रेसकडं राहिला. आजोबांना ओढ होती विद्यापीठाची. इथल्या कॉलेजांची पदवी तोवर हैदराबादच्या उस्मानियाची असे. 1958 साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि आत्या तिथली पदवीधर झाली. 1967 ला, टंचाई आणि महागाईच्या दिवसांत, ढाळज पुन्हा फिरली. साताऱ्याकडचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून बीडमध्ये उभे राहिले आणि जिल्ह्यानं त्यांना दिल्लीला पाठवलं.

1977 मला स्वतःला आठवतं. काका शाखेत जाणारे, आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात राहून आलेले. समोर विळा-हातोडा-तारा घेऊन उभे असलेले मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आत्ता पक्ष नाही, तुरुंगाचं दार बघायचं.” बुरांडे निवडून आले. त्या वर्षी महाराष्ट्रातून मार्क्सवाद्यांचे तीनच खासदार झाले, त्यातला एक आमच्या बीडचा. तीन वर्षांनी केशरबाई क्षीरसागर काँग्रेसकडून जिंकल्या, तेव्हा काका आपल्या वाटेला गेले, आत्या आपल्या.

लोक म्हणत, या शिकलेल्यांचा भरवसा नाही. मी आत्याला तसं विचारलं होतं. ती म्हणाली, “अरे, सालगड्याला मालकाचं तोंड बघून मत द्यावं लागायचं. ऊसतोडीला जाणाऱ्याला मुकादमाची उचल फेडायची असते. आपल्याला कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. आपल्याला बदलणं परवडत होतं.” आमच्या घराच्या मतबदलाचं मूळ मला या एका वाक्यात सापडलं. शिक्षणानं घराला प्रश्न दिले, पैशानं निर्धास्तपणा दिला. प्रश्न बदलला की मत बदललं.

दरम्यान गाव बदललं. 1974 ला मेडिकल कॉलेज आलं, डॉक्टरांच्या माड्या उठल्या. खोलेश्वर शाळेत शिकवलेले प्रमोद महाजन आणि गावातल्याच कॉलेजात शिकलेले गोपीनाथ मुंडे ही गावाची ओळख झाली. डॉ. विमल मुंदडा केजमधून पाच वेळा आमदार झाल्या, आधी कमळावर, मग घड्याळावर. पक्षापेक्षा ओळखीचा माणूस मोठा झाला. आमचा वाडा विकला गेला, ढाळज पाडली गेली, भावंडं पुण्याला गेली.

गोपीनाथ मुंडे गेल्यावर 2014 च्या पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रीतम मुंडे 6,96,321 मतांनी निवडून आल्या. दहा वर्षांनी त्याच बीडमध्ये त्यांची बहीण पंकजा मुंडे यांचा बजरंग सोनवणे यांनी 6,553 मतांनी पराभव केला. मराठा आणि ओबीसी अशी उभी फाळणी झालेली ती निवडणूक. आमच्या घरात आता डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा एकच प्रश्न फिरत होता, “आपला कोण?” का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

आजोबांनी मत चार वेळा बदललं असेल, पण आडनाव बघून एकदाही नाही. एकदा तर ते स्वतःच्या जमिनीच्या विरोधात गेलं. ज्याला बदलणं परवडतं, त्यानं ते विचारानं बदलावं. ज्यांना परवडत नाही, त्यांचं हे देणं आपल्यावर आहे. पुढच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री तुमच्या घरी मुलांना समोर बसवा, आणि तुमचं मत कुणाला आणि का, ते त्यांना मोठ्यानं सांगा.