अभियांत्रिकी शिक्षण : यशाचे माप कोणते?

कालवा खणला तर त्यातून पाणी वाहते की नाही, हे कोणालाही डोळ्यांनी दिसते. पूल बांधला तर त्यावरून गाडी जाते. पण कालवे आणि पूल बांधणारी माणसे घडविण्यासाठी शाळा काढली, तर ती यशस्वी झाली असे कशावरून म्हणावयाचे? हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलाला वा मुलीला इंजिनियर करण्याचा विचार चालू असेल. तेव्हा हा प्रश्न केवळ इतिहासाचा नव्हे.

प्रारंभ रुडकीपासून करू. प्रॉबी कॉटली यांनी गंगेच्या कालव्याचे काम हाती घेतले होते. रुडकीजवळ तो कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून पलीकडे न्यावयाचा होता. मोजणी करणारी, नकाशे काढणारी, कामावर देखरेख ठेवणारी माणसे हवी होती. म्हणून वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्या पुढाकाराने १८४७ साली तेथे कॉलेज निघाले. १८५४ साली कालवा वाहू लागला. येथे गरज दाराशीच होती, त्यामुळे मापही सोपे होते.

त्याच १८५४ साली पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग व यंत्रशाळा सुरू झाली. हेतू मर्यादित होता : सरकारी बांधकामांसाठी दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे. १८६६ साली ही संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. तरीही वरच्या जागांसाठी सरकारने १८७१ साली खुद्द इंग्लंडात कूपर्स हिल येथे निराळे कॉलेज काढले व ते १९०६ पर्यंत चालविले. हिंदी माणसाने हुकूम पाळावा, योजना आखू नये, असाच हा हिशेब होता.

तो हिशेब पुण्यातच चुकला. १८८३ साली येथून विश्वेश्वरय्या एल. सी. ई. झाले. त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासल्यास बसविण्यात आली. पाणी ठराविक पातळीवर चढले की ही दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठविता येऊ लागले. दुय्यम नोकरांच्या संख्येत ही कर्तबगारी कोणत्या रकान्यात घालावी? मात्र एका विश्वेश्वरय्यांवरून साऱ्या शाळेची पारख करणेही तितकेच चुकीचे होईल. एक माणूस उंच निघाला, म्हणून बाकीच्यांना काय मिळाले हा प्रश्न सुटत नाही.

स्वराज्यात माप बदलले. सरकार समितीने १९४६ साली उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था सुचविल्या. १९५१ साली खरगपूरची संस्था उभी राहिली. १९५८ साली युनेस्कोमार्फत सोव्हिएत साहाय्य घेऊन मुंबईची संस्था निघाली. ३४०० हून अधिक अर्जदारांतून तिने १०० विद्यार्थी निवडले. वरळीस भरलेले हे वर्ग पुढे पवईस गेले. शिक्षण उत्तम झाले, याविषयी दुमत नाही. पण प्रा. सुखात्मे व महादेवन यांनी १९७३ ते १९७७ या वर्षांतील मुंबईच्या पदवीधरांचा शोध घेतला, तेव्हा सुमारे ३१ टक्के परदेशी राहिल्याचे दिसले. संस्थेने स्वतःचेच माप असे उघडपणे घ्यावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

परदेशी गेलेल्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांतील काही परत आले, काहींनी दुरून संस्थेस हात दिला. पण रुडकीच्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाऊल टाकताच कालवा दिसत होता. पवईच्या विद्यार्थ्याला त्याच्या विद्येच्या तोलाचे काम दाराबाहेर दिसत होते काय?

म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारू. किती जण शिकले? काय शिकले? आणि त्या विद्येला येथे काम मिळाले काय? पहिल्या दोहोंचे उत्तर कॉलेजने द्यावे. तिसऱ्याचे उत्तर सरकारने, कारखानदारांनी आणि आपणा नागरिकांनी द्यावयाचे आहे. आपल्या गावचा पूल खचला, नळाला पाणी येईनासे झाले, तर आपण शिकलेल्या इंजिनियरला बोलावून त्याचे ऐकतो काय? ते आपण करीत नसू, तर कॉलेजच्या निकालावर आपण शेरा मारण्यात अर्थ नाही.