गाडीखालून गाडीत : कुत्र्याच्या प्रवासाच्या बंदोबस्ताचा इतिहास

बैलगाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला सारी गाडी आपणच ओढत आहोत असे वाटते, ही मराठीत रूढ असलेली थट्टा माणसाच्या पोकळ अहंकारावर बेतलेली असली, तरी वाहतुकीच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यातून एक साधी माहिती मिळते, ती म्हणजे कुत्र्याची जागा गाडीत नव्हे, तर गाडीखाली, दोन चाकांमधल्या सावलीत होती. बैलाची चाल कुत्र्याला सहज झेपणारी असल्यामुळे त्याला उचलून गाडीत घालण्याचे कारणच पडत नसे, आणि इंग्लंडमधील श्रीमंतांच्या घोडागाड्यांबरोबर आसाजवळून धावणारे ठिपक्यांचे डाल्मेशियन कुत्रेही याच व्यवस्थेतले होते. गाडीवर बसून जाण्याचा मान जनावरांत कोणाला असेल, तर तो शिकारी चित्त्याला होता. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांना डोळ्यांवर टोपी चढवून आणि दोरीने बांधून गाडीवरून माळावर नेत असत. कुत्रा मात्र पायीच जाई, आणि तो वाटेत कोठे राहिला तर ती त्याची चूक मानली जाई.

ही स्थिती रेल्वेने बदलली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे हे सुमारे 34 किलोमीटरचे अंतर आगगाडीने तासाभराच्या हिशेबात आणून ठेवले, तेव्हा वाहनाचा वेग कुत्र्याच्या दमाच्या पलीकडे कायमचा गेला. ब्रिटनमध्ये हा प्रश्न त्याआधी काही दशके उभा राहिला होता आणि त्यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘डॉग बॉक्स’, म्हणजे डब्याच्या खालच्या अंगाला किंवा गार्डच्या डब्यात केलेला, बाहेरून कडी लागणारा कपाटवजा कोंडवाडा. या पेटीचा हेतू समजून घेण्यासाठी बंदोबस्त आणि सुरक्षितता या दोन गोष्टींत भेद करावा लागतो. कुत्रा सुटू नये, चावू नये, प्रवाशांच्या सामानावर घाण करू नये, हा झाला बंदोबस्त. गाडीला धक्का बसला, उष्मा वाढला किंवा प्रवास लांबला तरी कुत्र्याला इजा होऊ नये, ही झाली सुरक्षितता. वाहनातील कुत्र्याच्या इतिहासात पहिली गोष्ट दुसरीच्या शंभरेक वर्षे आधी आली, आणि पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते असा समज त्या सर्व काळात टिकून राहिला.

हा समज किती चुकीचा होता हे 1872 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात निकाली निघालेल्या एका दाव्यातून दिसते. रिचर्डसन विरुद्ध नॉर्थ ईस्टर्न रेल्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यातील कुत्रा ग्रेहाउंड जातीचा, म्हणजे निमुळत्या डोक्याचा आणि लांब मानेचा शर्यतीचा कुत्रा होता. मालकाने तो गळपट्टा आणि वादी लावून रेल्वेच्या हवाली केला होता, आणि गाडी बदलायच्या वेळी रेल्वेच्या नोकरांनी त्याच वादीने त्याला उघड्या फलाटावर बांधून ठेवले असता त्याने पट्ट्यातून डोके काढून घेतले, तो रुळांवर धावला आणि मेला. मालकाने स्वतः पुरवलेल्या साधनानेच कुत्रा बांधला असल्यामुळे रेल्वेची हयगय ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ग्रेहाउंडचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, त्यामुळे साधा गळपट्टा त्याला धरून ठेवत नाही, ही गोष्ट कुत्रे बाळगणाऱ्यांना ठाऊक होती; परंतु न्यायालयापुढे कुत्र्याच्या शरीररचनेचा नव्हे, तर जबाबदारी कोणाची एवढाच प्रश्न होता, आणि ती मालकाच्या पदरात टाकून प्रकरण मिटले.

कायद्याच्या नजरेत कुत्र्याची किंमत काय होती हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या 1854 च्या रेल्वे व कालवे वाहतूक कायद्याने भरपाईची कमाल मर्यादा घोड्यासाठी 50 पौंड, गुरासाठी 15 पौंड आणि मेंढी किंवा डुकरासाठी 2 पौंड अशी ठरवून दिली होती, आणि या यादीत कुत्र्याचे नावच नव्हते. हिंदुस्थानच्या 1890 च्या रेल्वे कायद्याने ते नाव घातले, पण शेवटच्या रांगेत: हत्ती किंवा घोडा 500 रुपये, उंट किंवा शिंगांची जनावरे 50 रुपये, आणि गाढव, मेंढी, बकरी, कुत्रा व इतर जनावरे 10 रुपये. याहून अधिक किंमत असल्यास ती पाठवताना जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय होती, म्हणजे शिकारी कुत्रे बाळगणाऱ्या साहेबाला वा संस्थानिकाला आपल्या कुत्र्याचा एक प्रकारे विमा उतरवता येई. ही उतरंड आजही मोडलेली नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याखाली 1990 मध्ये झालेल्या नियमांत हत्तीसाठी 6,000, घोड्यासाठी 3,000 आणि कुत्र्यासाठी 120 रुपये अशी मर्यादा आहे.

भारतीय रेल्वेतील डॉग बॉक्स ही पत्र्याची, जाळीदार किंवा फटींच्या दाराची पेटी असून ती गाडीच्या टोकाच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डचा कक्ष आणि सामानाची जागा एकत्र असलेल्या डब्यात बसवलेली असते. कुत्र्याची नोंद पार्सल कार्यालयात होते, गळपट्टा आणि साखळी मालकाने आणायची असते, आणि वाटेत पाणी व खाणे देण्याची जबाबदारीही त्याचीच असते, त्यामुळे गाडी थांबली की फलाटावरून शेवटच्या डब्यापर्यंत पाण्याची बाटली घेऊन धावणे हे रेल्वेने कुत्रा नेणाऱ्या माणसाच्या नशिबी येते. मोठ्या जातीच्या कुत्र्याला या पेटीत ताठ उभे राहणे अवघड जाते, आणि ज्या एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या डब्यांच्या, गाड्यांत गार्डचा कक्ष जनरेटरच्या डब्यात असतो तेथे त्याला इंजिनाचा अखंड घणघणाटही सोसावा लागतो. प्रथम वर्गात मात्र पूर्ण कूपे किंवा कक्ष आरक्षित करून कुत्रा स्वतःजवळ ठेवता येतो. द्वितीय व तृतीय श्रेणीच्या वातानुकूलित डब्यांत, शयनयानात किंवा साध्या डब्यांत तशी मुभा नाही. प्रवाशाच्या ऐपतीवर त्याच्या कुत्र्याची जागा ठरावी ही व्यवस्था रेल्वेला नवी नाही, आणि तिच्याबद्दल फारशी तक्रारही कोणी केलेली दिसत नाही.

कुत्र्याच्या बाजूने विचार करणारे पहिले ठळक भारतीय नियम 1978 चे आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 मध्ये झाला, आणि जनावर विनाकारण वेदना होईल अशा रीतीने वाहनातून नेणे हा त्याने गुन्हा ठरवला; मात्र कशा रीतीने न्यावे हे 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनी सांगितले. पशुवैद्याचा दाखला, लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर 4 तासांनी व हिवाळ्यात दर 6 तासांनी पाणी, सहा तासांहून लांब प्रवासाला सोबत माणूस अशा तरतुदी त्यांत आहेत. तहान आणि आजार यांचा विचार येथे झाला आहे, आदळण्याचा झालेला नाही. कारण हे नियम रेल्वेच्या आणि मालवाहू गाडीच्या जमान्यातून आलेले असून घरची मोटार त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

मोटारीने कुत्र्याला पेटीतून काढून माणसाच्या शेजारी आणून बसवले. 1903 मध्ये होरेशियो नेल्सन जॅक्सन आणि सेवॉल क्रॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क असा अमेरिका खंड ओलांडणारा पहिला मोटारप्रवास 63 दिवसांत केला, तेव्हा आयडाहोत घेतलेला बड नावाचा बुलडॉग त्यांच्या विंटन मोटारीत होता. पश्चिमेकडच्या खारट मातीच्या धुळीने त्याचे डोळे सुजू लागल्यामुळे त्यालाही चालकासारखाच गॉगल चढवण्यात आला, आणि तो गॉगल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. केवळ कुत्र्याच्या हितासाठी वाहनात वापरल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या साधनांत त्याची गणना करावी लागेल. हा अपवादच होता, कारण 1930 च्या दशकातील अमेरिकी मासिकांत मोटारीच्या पायरीवर, म्हणजे दारांखालच्या बाहेरच्या फळीवर, कुत्र्याला अडकवून ठेवण्याच्या पिशव्या दाखवलेल्या आढळतात. गादीवर केस पडू नयेत हा त्यांचा हेतू होता. शेजारून जाणाऱ्या वाहनाचा धक्का पहिल्यांदा कोणाला लागेल याचा विचार त्या चित्रांत दिसत नाही.

पुढे मोटार पोलादाची व काचेची बंदिस्त झाली, पायरी गेली आणि कुत्रा आत आला, पण त्याबरोबर एक नवा धोकाही आत आला. उन्हात उभ्या मोटारीत सूर्याची उष्णता काचेतून शिरते आणि सहजासहजी बाहेर पडत नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डमधील संशोधकांच्या मोजमापांनुसार बाहेर जेमतेम 22 अंश सेल्सियस असतानाही आतले तापमान तासाभरात सरासरी सुमारे 22 अंशांनी वाढते, त्यातील चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग निववतो, आणि कोंडलेल्या गरम हवेत ती सोयही निकामी होते. टेस्ला कंपनीने 2019 मध्ये उभ्या गाडीतली हवा थंड ठेवणारी ‘डॉग मोड’ ही सोय आणली ती याच कारणाने. विदर्भातल्या मे महिन्यासाठी हे आकडे कसे वाचायचे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आदळण्याचा विचार सर्वांत उशिरा झाला. व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन याचा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट 1959 मध्ये आला आणि माणसाच्या बाबतीत धडकेचे गणित हळूहळू सर्वमान्य झाले. तेच गणित कुत्र्याला लावले तर ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार एकदम थांबणे म्हणजे आतल्या मोकळ्या कुत्र्याने सुमारे 10 मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखे आहे. आणि 20 किलोचा कुत्रा सेकंदाच्या दहाव्या भागात रोखायचा असेल तर त्याच्या पट्ट्यावर पावणेतीनशे किलोंहून अधिक वजनाएवढा ताण येतो. हा ताण गळपट्ट्यावर आला तर मान मोडते, म्हणून तो छातीवर रुंद पसरवणारा ‘हार्नेस’, म्हणजे छाती व खांदे वेढणारा पट्टा, वापरात आला.

येथे एक पेच आहे. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार पिंजऱ्यात कुत्र्याला उभे राहता, बसता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. धडकेचे शास्त्र मात्र सांगते की शरीराला हलायला जितकी मोकळी जागा मिळेल तितका आघात जबर बसतो. या पेचाची अत्यंत कठोर उकल मोटारीत नव्हे, तर अवकाशयानात झाली. 3 नोव्हेंबर 1957 रोजी सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक 2 मधून गेलेल्या लायकाला साखळ्यांनी जोडलेल्या पट्ट्यात असे बांधले होते की तिला उभे राहता, बसता व झोपता यावे, पण उलटे वळता येऊ नये, आणि त्याआधी तिला अधिकाधिक लहान पिंजऱ्यांत राहण्याची सवय लावण्यात आली होती. बंदोबस्त चोख होता. तरीही उड्डाणानंतर काही तासांतच ती उष्म्याने मेली, आणि ही गोष्ट 2002 मध्ये उघड झाली. 1960 च्या ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या पृथ्वीप्रदक्षिणा करून जिवंत परतल्या, कारण त्यांच्या यानात परतीची सोय होती.

रस्त्यावरच्या कायद्यांनी यातले फारच थोडे उचलले आहे. ब्रिटनच्या हायवे कोडचा 57 वा नियम कुत्र्याला योग्य रीतीने बांधून ठेवण्यास सांगतो, आणि जर्मनीत कुत्रा वाहतूक नियमांपुरता ‘माल’ समजला जातो, त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी माल घसरू नये ही अट त्यालाही लागू होते. कुत्र्याला पार्सल मानण्याची रेल्वेची जुनी दृष्टी येथे त्याच्याच उपयोगी पडली आहे. पट्ट्यांची खरी परीक्षा मात्र अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने केली. 2011 च्या तिच्या प्राथमिक चाचण्यांत एकही हार्नेस टिकला नाही. 2013 मध्ये सुबारू कंपनीच्या साहाय्याने 25, 45 आणि 75 पौंडांचे कुत्र्यांचे पुतळे वापरून, मुलांच्या आसनांसाठी ठरलेल्या धडक-चाचणीच्या धर्तीवर पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा स्लीपीपॉड कंपनीच्या एकाच हार्नेसने सर्व वजनांचे पुतळे आसनावर सातत्याने धरून ठेवले.

पाळीव प्राण्यांच्या अशा पट्ट्यांसाठी अमेरिकेत सरकारने ठरवलेले कोणतेही मानक नाही, आणि त्यामुळे वेष्टनावरील ‘क्रॅश टेस्टेड’ या शब्दांना कायद्याचा आधार नाही. असा पट्टा घेणाऱ्याने विक्रेत्याला चाचणी कोणत्या वेगाला, किती वजनाच्या पुतळ्यावर आणि कोणी केली, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तो पट्टा केवळ बंदोबस्तासाठी आहे असे समजावे.