अपग्रेड फसणे, संगणकाचे (मालवण किनारा)

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेताना काम अर्ध्यावर थांबणे, जुनी आवृत्ती आपोआप परत येणे किंवा संगणक सुरूच न होणे, या तिन्ही अवस्थांना ‘अपग्रेड फसणे’ म्हणतात. यांतील पहिल्या दोन अवस्था पाहून माणूस घाबरतो, पण त्या बहुधा निरुपद्रवी असतात. अडथळा आला तर संगणक जुन्या स्थितीत परत यावा, अशी सोय अपग्रेडमध्येच केलेली असते. घरचे फोटो, धंद्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार जातात ते बहुतेक वेळा त्यानंतर घाईघाईने केलेल्या फॉरमॅटमुळे. म्हणून आधी फाईलींची प्रत, मग निदान आणि सर्वांत शेवटी फॉरमॅट, हा क्रम कधीही मोडू नये. या नोंदीत मुख्यतः विंडोजचा विचार केला असून देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या किनाऱ्यावरची वीज, हवा व कामाचे हंगाम ध्यानात घेतले आहेत.

पार्श्वभूमी : विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय देण्यात आली. आधार संपल्याची तारीख दिवाळीच्या तोंडावर आली, म्हणजे किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास. न्याहारी-निवासाची बुकिंगे, आंबा-काजूची बिले, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांतील कामे आणि आपले सरकार सेवा केंद्रांतील दाखले ही सारी कामे संगणकावर चालत असल्याने अपग्रेड टाळणेही अवघड आणि मध्येच अडकणेही परवडणारे नाही.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ च्या अटी आधीच्या आवृत्तीपेक्षा कडक आहेत : ६४ बिटचा प्रोसेसर (इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. सेकंडहँड घेतलेले अनेक डेस्कटॉप इथेच अडतात. मात्र ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला म्हणून संगणक लगेच बाद ठरवू नये. पुष्कळ मदरबोर्डांत ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती ‘पीटीटी’ आणि एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन नेमकी कोणती अट अपुरी पडते ते सांगते.

अपग्रेडचे टप्पे : विंडोजचे अपग्रेड चार टप्प्यांत होते. पहिल्यात जुनी विंडोज चालू असतानाच नवीन फाईली उतरवल्या जातात आणि तपासण्या होतात. दुसऱ्यात संगणक एका छोट्या सुरक्षित प्रणालीत सुरू होऊन जुनी विंडोज बाजूला ठेवतो. तिसऱ्यात नवी विंडोज प्रथम उठते आणि ड्रायव्हर बसवते. चौथ्यात वापरकर्त्याची खाती व मांडणी तयार होते. फसल्यावर दिसणाऱ्या त्रुटी-क्रमांकातून हा टप्पा ओळखता येतो. उदाहरणार्थ, ‘०एक्ससी१९००१०१–०एक्स३००१८’ या क्रमांकाचा पूर्वार्ध बहुधा ड्रायव्हरचा दोष दाखवतो, तर उत्तरार्धात एक्सनंतरचा ३ हा आकडा तिसऱ्या टप्प्यात अडल्याचे सांगतो. तिथे १ असेल तर पहिला टप्पा, २ असेल तर दुसरा, ४ असेल तर चौथा. त्यामुळे पडद्यावरचा क्रमांक पुसला जाण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवणे हे निदानाचे पहिले काम होय.

किनाऱ्यावरील कारणे : पहिले कारण वीज. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर सिंधुदुर्गातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. ते संकट मोठे होते. पण साध्या पावसाळ्यातही तारांवर फांदी पडून लाईट जाते आणि ऑक्टोबरात संध्याकाळी विजांचा गडगडाट असतो. अपग्रेडला चांगल्या संगणकावर तासभर, तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर कित्येक तास लागतात. डेस्कटॉपला जोडलेला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस काही मिनिटेच तग धरतो. तेवढ्यात संगणक नीट बंद करता येतो, अपग्रेड पुरे होत नाही. किनाऱ्यावर सवड मिळते पावसाळ्यात आणि भरवशाची वीज असते कोरड्या दिवसांत, ही खरी अडचण आहे. इन्व्हर्टरवर चालणारा डेस्कटॉप किंवा पूर्ण चार्ज करून चार्जर लावलेला लॅपटॉप, निरभ्र दिवस आणि सकाळची वेळ असा मेळ घालूनच काम सुरू करावे.

दुसरे कारण खारी, दमट हवा. ती रॅमच्या आणि केबलींच्या धातूच्या टोकांवर पुटे चढवते. रोजच्या कामात असा संगणक कसाबसा चालतो, पण अपग्रेडच्या वेळी रॅम आणि डिस्क यांच्यावर सलग ताण येतो आणि दोष उघडा पडतो. संगणक बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर मऊ खोडरबर हलकेच फिरवावे, चुरा ब्रशने झाडावा आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून बसवावी. एवढ्याने काळा पडदा आणि बीप-बीप थांबल्याचा अनुभव कारागिरांना नेहमी येतो.

तिसरे कारण चटकन लक्षात येत नाही. पावसाळाभर बंद राहिलेल्या संगणकाची मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी जुनी असेल तर संपते. मग घड्याळ काही वर्षे मागे जाते, सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि अपग्रेडच्या फाईली उतरतच नाहीत. जुन्या बोर्डांवर बायोसची मांडणीही मूळपदावर जाऊन डिस्क दिसेनाशी होते. अशा वेळी विंडोजला हात लावण्याआधी ही बॅटरी बदलून तारीख लावावी.

चौथे कारण इंटरनेट. विंडोज ११ ची फाईल पाच जीबीहून मोठी असते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती तुटत तुटत उतरते. रेंज चांगली असलेल्या ठिकाणी किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘मीडिया क्रिएशन टूल’ने प्रत करून आणणे अधिक खात्रीचे.

पूर्वतयारी : डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, फोटो आणि हिशेबाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग करावी. हा सल्ला औपचारिक नाही. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ चे अद्यतन काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्समधील फाईली पुसू लागल्याने मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावे लागले होते. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा नसेल तर ‘०एक्स८००७००७०’ हा क्रमांक दिसतो. डिस्क क्लीनअप हा त्यावरचा साधा उपाय. त्रयस्थ अँटिव्हायरस तात्पुरता काढावा. प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन आणि जादा पेनड्राइव्ह सोडवून ठेवावेत. कीबोर्ड आणि माऊस एवढेच जोडलेले असावेत.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिचा ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. त्याचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी जगाला कळले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते ऑपरेटिंग सिस्टीमचे अपग्रेड नव्हते आणि दुरुस्ती एक फाईल काढण्याएवढीच होती. तरी ज्यांच्या हाताशी हा क्रमांक नव्हता ते आपल्याच डिस्कपुढे अडकून राहिले.

निदान व उपाय : पडदा एकाच टक्क्यावर थांबला तर आधी कॅबिनेटवरील डिस्कचा दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. बटण दाबून बंद करू नये, तासन्‌तास थांबावे लागले तरी थांबावे. ‘बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा संदेश आला तर त्यालाही पूर्ण होऊ द्यावे. जुनी विंडोज परत आल्यावर त्रुटी-क्रमांक वाचावा. ड्रायव्हरचा दोष दिसत असेल तर ग्राफिक्स, वायफाय आणि डिस्कचे ड्रायव्हर संगणक-उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. ‘०एक्ससी१९००२०८’ आल्यास एखादा जुना प्रोग्राम आड येत असतो, तो काढावा. ‘सिस्टीम रिझर्व्ह्ड’ विभाग भरल्याचा संदेश आला तर सी ड्राइव्ह मोकळा करून भागत नाही. तो वेगळा, लहान विभाग असतो आणि त्यातील जागा जाणकाराकडूनच मोकळी करून घ्यावी. कारण उमगत नसेल तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन अपग्रेडच्या नोंदी चाळून दोष दाखवते. जुन्या विंडोजच्याच फाईली बिघडल्याचा संशय असल्यास आधी ‘डिसम’ आणि मग ‘एसएफसी’ या आज्ञांनी त्या दुरुस्त कराव्यात, ‘चेकडिस्क’ने डिस्क तपासावी आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

संगणक सुरूच होत नसेल तर : लागोपाठ काही वेळा सुरू होणे फसले की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा आणते. तिथे ‘स्टार्टअप रिपेअर’, सेफ मोड आणि मागील आवृत्तीकडे परतण्याचे पर्याय असतात. यशस्वी अपग्रेडनंतरही जुनी विंडोज साधारण १० दिवस राखून ठेवलेली असते, त्यामुळे तेवढ्या मुदतीत माघारी फिरता येते. यांपैकी काहीच चालले नाही, तरी फाईली वाचवता येतात. कमांड प्रॉम्प्ट उघडून नोटपॅड सुरू करावे, त्यातील ‘फाईल’ आणि मग ‘ओपन’ निवडावे आणि ‘सर्व फाईली’ हा प्रकार घ्यावा. उघडलेल्या चौकटीतून हवा तो फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकता येतो. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही हेच साधते. प्रत हाती आल्याशिवाय ‘रिसेट’ करू नये. रिसेटमध्ये फाईली ठेवण्याचा पर्याय निवडला, तरी बसवलेले प्रोग्राम जातात.

मराठी मजकूर व जुने प्रोग्राम : पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींत टंकलेली जुनी कागदपत्रे अपग्रेडनंतर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसू लागली, तर मजकूर नष्ट झालेला नसतो, फक्त टंक हरवलेला असतो. म्हणून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरची प्रत आधीच घ्यावी आणि हार्डवेअर लॉक वापरत असल्यास त्याचा नवा ड्रायव्हर मिळवावा. युनिकोडमधील ‘मंगल’ हा टंक नव्या मांडणीत नसेल तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधील देवनागरी पूरक टंकांत तो मिळतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटची असल्याने ३२ बिटच्या विंडोज १० वरून थेट अपग्रेड होत नाही आणि डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्राम तिच्यावर थेट चालत नाहीत. असा प्रोग्राम अजून कामात असेल तर त्याचा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जपावा.

पर्याय : अटींत न बसणारा संगणक उबुंटू किंवा सी-डॅकच्या ‘बॉस’ या लिनक्स प्रणालींवर चालू शकतो. ईमेल, बुकिंग आणि युनिकोड मराठी लेखनाला त्या पुरतात. सरकारी कामाचे अंगठ्याचे यंत्र किंवा सहीचे टोकन तिथे चालते का, हे मात्र आधी तपासावे.

दुरुस्तीला देताना : मालवण, कुडाळ किंवा कणकवलीच्या बाजारपेठेत संगणक नेताना त्रुटी-क्रमांकाचा फोटो, बिटलॉकरचा क्रमांक आणि अपग्रेडच्या आधी काय बदलले होते याची चिठ्ठी बरोबर द्यावी. ‘फक्त सी ड्राइव्ह उडवतो, डी ला हात लावत नाही’ या आश्वासनावर विसंबू नये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स आणि पुष्कळदा टॅलीचा डेटाही सी ड्राइव्हमध्येच असतो. फाईलींची प्रत काढून ती आपल्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय फॉरमॅटला संमती देऊ नये.